'रोड टू…' मालिका: चाहते गुण देतात ते नक्की कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॉब होप आणि बिंग क्रॉस्बी या जोडीचा 'रोड टू बाली' पाहिला, अधूनमधून हसू आलं, पण लोक या मालिकेवर एवढा जीव का टाकतात ते कळलं नाही. चाहत्यांच्या यादीत 'मोरोक्को' आणि 'युटोपिया' वर असतात, 'हाँगकाँग' तळाला. ती यादी धरून चालावं का, आणि पुढचा कुठला पाहावा?

आधी सरळ उत्तर. पुढचा 'मोरोक्को' पाहा. यादीचं वरचं आणि खालचं टोक बरोबर आहे, मधल्या भागावर फार विसंबू नका. चाहते गुण देताना गोष्ट, दिग्दर्शन, छायाचित्रण असलं काही मोजत बसत नाहीत. दोघांची जुगलबंदी किती रंगली तेवढंच बघतात. हे ध्यानात घेतलं की यादी बरीचशी आपोआप उलगडते. मी संकलक आहे, विनोदी चित्रपट कापण्यात बरीच वर्षं गेली, तेव्हा पुढचं सगळं जरा कातरीच्या बाजूनं बोलणार.

मालिका सात चित्रपटांची. 'सिंगापूर' 1940, 'झांझिबार' 1941, 'मोरोक्को' 1942, 'युटोपिया' 1946, 'रिओ' 1947, 'बाली' 1952, आणि दहा वर्षांच्या खंडानंतर 1962 मध्ये 'हाँगकाँग'. पहिले सहा पॅरामाउंट स्टुडिओचे, शेवटचा युनायटेड आर्टिस्ट्सचा. बहुतेक वेळा साचा एकच: दोन फुकटे कलावंत कुठल्यातरी भानगडीतून पळ काढतात, परक्या मुलखात जाऊन पडतात, तिथं नायिका डोरोथी लामूर भेटते, दोघंही तिच्या मागे लागतात. क्रॉस्बी गोड गळ्याचा आणि आतून पक्का लबाड. होप भित्रा, बढाईखोर, आणि दर वेळी क्रॉस्बीच्या थापेला बळी पडणारा. प्रवासपट म्हणून बघायला गेलात तर प्रवास नावालाच आहे. 'सिंगापूर'मधले दोघे सिंगापूरला पोहोचतच नाहीत, काइगून नावाच्या काल्पनिक बेटावरच अडकतात. 'युटोपिया'त युटोपिया नावाचं ठिकाणच नाही, गोष्ट अलास्कातल्या सोन्याच्या हव्यासाची आहे. रस्ता हा दोघांना एकमेकांच्या शेजारी बसवून ठेवायचा बहाणा. तराफा, उंट, कुत्र्यांची गाडी, काहीही चालतं. दोघं एका चौकटीत राहिले पाहिजेत.

हे दोघं जोडी म्हणून जन्मले नव्हते हेही लक्षात ठेवा. क्रॉस्बी रेडिओवरचा आणि तबकड्यांवरचा बडा गायक, होप वोडव्हिलमधून, म्हणजे नाच-गाणी-चुटक्यांच्या रंगमंचावरून, आलेला विनोदी नट. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरात दोघं एका कार्यक्रमात होते, तिथं मधल्या वेळात केलेल्या थट्टामस्करीतून सूर जुळला. पुढे दोघांचेही स्वतंत्र रेडिओ कार्यक्रम चालले आणि आपापल्या कार्यक्रमात एकमेकांची टोपी उडवणं हा ठरलेला खेळ झाला. म्हणजे चित्रपट सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षकाला हे भांडण पाठ होतं. होपच्या नाकावरून शेरा आला की पुढचा शेरा क्रॉस्बीच्या पोटावरून किंवा त्याच्या शर्यतीत हरणाऱ्या घोड्यांवरून येणार, हे घरोघर ठाऊक असायचं.

'सिंगापूर'कडे या नजरेनं बघा. नामावलीत क्रॉस्बी, मग लामूर, मग होप. बांधणी साध्या प्रेमपटाची, दिग्दर्शक व्हिक्टर शर्ट्झिंगर, ते स्वतः संगीतकारही. पण चित्रीकरणात दोघांनी ॲडिशन घ्यायला, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं पदरची घालायला, सुरुवात केली आणि तीही थोडीथोडकी नव्हे. रेडिओवर आपल्यासाठी लिहिणाऱ्या लेखकांकडून ते चुटके आणायचे, समोरच्याला न सांगता मध्येच टाकायचे. पटकथाकार डॉन हार्टमन सेटवर आले तेव्हा होप त्यांना ओरडून म्हणाला, स्वतःचं एखादं वाक्य ऐकू आलं तर 'बिंगो' म्हणून ओरडा. हा किस्सा या मालिकेबद्दल लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो आणि सांगण्यासारखा आहेच. बिचारी लामूर मात्र संवाद पाठ करून यायची आणि आपलं वाक्य टाकायला फट कुठं सापडते ते बघत उभी राहायची. तिचं हे अवघडलेपण 'सिंगापूर'मध्ये दिसतं. नंतर ती तयार झाली, आणि माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात दुर्लक्षित काम तिचंच आहे. दोन बेफाम माणसांच्या मधोमध उभं राहून गोष्ट पुढे सरकवत ठेवणं सोपं नसतं. ती खरोखर गोंधळलेली दिसली नाही तर दोघांचा आगाऊपणा आगाऊ वाटणारच नाही.

आता 'मोरोक्को'. दिग्दर्शक डेव्हिड बटलर, पटकथा फ्रँक बटलर आणि डॉन हार्टमन यांची. सुरुवातीला दोघं तराफ्यावर, भुकेले, आणि क्रॉस्बी फार शांतपणे सुचवतो की वेळ पडली तर होपला खाता येईल. इथंच नात्याचा सगळा नकाशा कळतो. पुढे वाळवंटात पोहोचल्यावर क्रॉस्बी होपला चक्क गुलाम म्हणून विकतो. उंटावर बसून म्हटलेल्या गाण्यात दोघं आपण कुठल्या चित्रपटात आहोत, शेवटी काय होणार, लामूर भेटणारच, हे सगळं आधीच सांगून मोकळे होतात. रहस्य उरलंच नाही, मग प्रेक्षक कशासाठी थांबतो? दोघं एकमेकांना काय बोलतात ते ऐकायला.

संकलक म्हणून मला या चित्रपटातला सगळ्यात प्रिय तुकडा तो, ज्यात होप आतापर्यंतची सगळी गोष्ट क्रॉस्बीला पुन्हा ऐकवतो. क्रॉस्बी वैतागून म्हणतो, हे मला माहीत आहे. होप म्हणतो, तुला असेल, पण जे लोक मध्येच येऊन बसले त्यांना कुठं माहीत आहे? त्यावर क्रॉस्बीचा चेहरा पडतो: म्हणजे त्यांचं माझं गाणं हुकलं? त्या काळी लोक चालू खेळात शिरून बसत आणि पुढच्या खेळात सुटलेला भाग बघून उठत, त्यामुळे थिएटरात हे वाक्य कुणाच्या तरी अंगावर नक्की जायचं. पण विनोद तिथं संपत नाही, तो क्रॉस्बीच्या उत्तरात आहे. पहिल्यानं चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यामधली भिंत फोडली आणि दुसऱ्यानं त्या भगदाडातून स्वतःचा अहंकार बाहेर काढला. नुसतं प्रेक्षकाकडे बघून डोळा मारणं कुणालाही जमतं. दोघांनी आपापल्या स्वभावाला धरून डोळा मारणं, हे या जोडीचं.

त्याच चित्रपटात एक उंट होपच्या तोंडावर थुंकतो. ते लिहिलेलं नव्हतं. उंटाला वाटलं, तो थुंकला, होप मागे कोलमडला, आणि बटलरनी तो शॉट ठेवून दिला. असल्या वेळी दिग्दर्शकाची परीक्षा असते. नियोजनवाला माणूस पुन्हा शॉट घेईल. विनोद कळणारा पुढे सरकेल. शेवटाकडे आणखी एक तुकडा आहे. पुन्हा तराफा, होप भुकेनं वेडा झाल्याचा जोरदार अभिनय करतोय, आणि क्रॉस्बी त्याला थांबवून दाखवतो की समोर किनारा आलाय. होप चिडतो: अख्ख्या चित्रपटात एकच चांगला प्रसंग वाट्याला आला, तोही तू घालवलास, मला ऑस्कर मिळालं असतं. होपला अभिनयाचं ऑस्कर मिळत नाही हा पुढे आयुष्यभर पुरलेला विनोद झाला. सोहळ्याचं सूत्रसंचालन त्यानं 19 वेळा केलं, तरीही.

मानसन्मान बघितले तरी 'मोरोक्को'च पुढे आहे. मूळ पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन होतं, ध्वनीसाठीही. 1996 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत, त्याची निवड झाली.

मग 'युटोपिया'ला पहिलं स्थान देणारे इतके चाहते का? कारण तो भिंत फोडण्याच्या कामात सगळ्यांत निर्लज्ज आहे. हॅल वॉकर दिग्दर्शक, नॉर्मन पनामा आणि मेल्व्हिन फ्रँक हे नवे पटकथाकार, त्यांनाही ऑस्करचं नामांकन मिळालं. रॉबर्ट बेंचली हे विनोदी लेखक चौकटीच्या कोपऱ्यात उगवतात आणि चालू दृश्यावर विद्वत्तापूर्ण अर्थहीन शेरे मारतात. चित्रीकरण 1944 मध्येच उरकलं होतं, चित्रपट आला 1946 मध्ये. मधल्या काळात बेंचली वारले. जहाजावरच्या एका दृश्यातून एक माणूस रुबाबदार पोशाखात चालत जातो. तुम्ही या चित्रपटात आहात का, असं विचारल्यावर तो सांगतो, नाही, शेजारच्या स्टेजवर निघालोय, इथून जवळ पडतं. पुढे बर्फात एक डोंगर दिसतो आणि होपला तो भाकरी देणारा डोंगर वाटतो, लगेच त्याच्याभोवती पॅरामाउंटच्या डोंगराच्या बोधचिन्हातले तारे उमटतात. खुनी गुंडांचं सोंग घेऊन दोघं गुत्त्यात शिरतात तेव्हा होप सवयीनं लिंबू सरबत मागतो आणि सगळे वळून बघतात. तो घोगऱ्या आवाजात पुढे जोडतो, 'घाणेरड्या ग्लासात'. चार सेकंदांचा विनोद, ऐंशी वर्षं टिकला.

आणि त्याचा शेवट. संपूर्ण गोष्ट म्हातारपणी सांगितलेली आठवण आहे. होप आणि लामूरचं लग्न झालंय, क्रॉस्बी किती तरी वर्षांनी भेटायला येतो. मुलगा कुठाय, असं विचारल्यावर मुलगा आत येतो आणि तो हुबेहूब क्रॉस्बी आहे. होप कॅमेऱ्याकडे वळून सांगतो, दत्तक घेतलाय. त्या काळातली हॉलिवुडची सेन्सॉर संहिता किती कडक होती हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या एका वाक्याचं धाडस कळेल. इतका चावट शेवट त्या काळात सुटलाच कसा, याचं मला आजही नवल वाटतं.

दोन्हींत निवड करायची तर माझं मत असं: 'युटोपिया'त दर मिनिटाला विनोद जास्त आहेत, 'मोरोक्को'त नातं जास्त आहे. नवख्यानं 'युटोपिया' आधी पाहिला तर त्याला तो नुसता खोडसाळ वाटतो, कारण जे मोडलं जातंय तेच त्यानं पाहिलेलं नसतं. जुना चाहता मात्र साचा मोडायचीच वाट बघत असतो. जास्त गुण देणारे बहुतेक जुने चाहते असतात, म्हणून 'युटोपिया' वर चढतो. यादी खोटी नाही, ती तुमच्यासाठी केलेली नाही एवढंच.

जुन्या गमतीवर नवी गंमत चढवण्याचं साधं उदाहरण म्हणजे टाळ्यांचा खेळ. 'सिंगापूर'मध्ये संकट आलं की दोघं समोरासमोर उभं राहून लहान मुलांसारख्या टाळ्या देतात आणि तिसऱ्याला गाफील गाठून ठोसा मारतात. पुढच्या चित्रपटांत समोरच्या गुंडाला हा डाव आधीच ठाऊक असतो आणि मार यांनाच बसतो. क्रमानं बघणाऱ्याला हे दुप्पट हसवतं. सुटं बघणाऱ्याला फक्त दोन माणसं मार खाताना दिसतात.

'रिओ'वर चाहते अन्याय करतात. तो बहुतेक याद्यांत तिसरा-चौथा असतो. मी त्याला 'युटोपिया'च्या खांद्याला खांदा लावून उभा करीन. नॉर्मन मॅक्लाउड यांनी हा नीट बांधलाय. गेल साँडरगार्डची संमोहन करणारी मावशी खरोखर भीती वाटावी अशी आहे, आणि खलनायक खरा असला की भित्रा नायक जास्त हसवतो. वीर ब्रदर्स हे तीन भाऊ स्थानिक वादक म्हणून येतात, त्यांना इंग्रजीचा गंध नसतो. अमेरिकन म्हणून खपवायचं म्हणून त्यांना एकेक वाक्य घोकून घेतलं जातं, आणि मालकाच्या प्रश्नांना ते तीच तीन वाक्यं फिरवून फिरवून देतात. हे दृश्य संकलनाच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा बघावं. कुणाच्या चेहऱ्यावर केव्हा जायचं आणि केव्हा तिघांना एकत्र ठेवायचं याचा तो धडा आहे. शेवटी घोडदळ सोडवायला निघतं, मध्ये मध्ये त्याची धाव दाखवली जाते, आणि ते पोहोचतच नाही. त्यातला विनोदी नट जेरी कोलोना घोडा थांबवून म्हणतो, नाही जमलं, पण उत्कंठा होती की नाही? दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवणारं समांतर संकलन, या हॉलिवुडच्या हुकमी हत्याराची इतकी सुंदर टिंगल मी दुसरीकडे पाहिली नाही. आणि ज्या कागदपत्रांसाठी सगळी धावपळ, त्यात काय होतं? क्रॉस्बी वाचतो, फाडून टाकतो, आणि म्हणतो की जगाला हे कधीच कळता कामा नये. बस्स.

'रिओ'त नफ्याची वाटणी होप, क्रॉस्बी आणि पॅरामाउंट यांच्यात झाली, तीन सारखे हिस्से. लामूरला त्यात काही नव्हतं. पुढे 'हाँगकाँग'मध्ये तिचं काय झालं ते बघताना हे आठवेल.

आता तुमचा 'बाली'. मालिकेतला एकमेव रंगीत चित्रपट, म्हणून नवखे लोक आधी तोच उचलतात. दुसरं कारण, अमेरिकेत त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण झालं नाही, तो सार्वजनिक मालकीत गेला, आणि कोणीही त्याची प्रत काढून विकू लागला. त्यातल्या कितीतरी प्रती फिक्या रंगांच्या आणि खरखरत्या आवाजाच्या आहेत. शब्दांवर चालणाऱ्या विनोदात अर्धं वाक्य ऐकू आलं नाही तर उरतं काय? 'बाली'ला मिळणाऱ्या कमी गुणांत या प्रतींचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. चित्रपट थकलेला आहे हेही खरं. पण क्रॉस्बी गाणार असं दिसताच होप प्रेक्षकांना सांगतो की हीच वेळ आहे, जाऊन पॉपकॉर्न आणा. बडा नट हम्फ्री बोगार्ट 'द आफ्रिकन क्वीन' या आपल्या चित्रपटातली बोट दलदलीतून ओढत जातो आणि मागे ऑस्करची बाहुली राहते. शेवटी क्रॉस्बी दोन-दोन बायका घेऊन जातो आणि होप 'समाप्त'ची पाटी हातांनी ढकलून चित्रपट लांबवायची खटपट करतो. स्वच्छ प्रत मिळाली तर पुन्हा बघा, पण 'मोरोक्को' आणि 'रिओ' नंतर.

'झांझिबार' जंगलपटांची टिंगल म्हणून बरा आहे, पहिल्या अर्ध्या तासानंतर लय सापडते. त्यावर इतकंच.

'हाँगकाँग' तळाला आहे ते योग्य. त्याचं कारण मात्र चाहते अर्धवट सांगतात: म्हणे दोघं म्हातारे झाले. दोघांचाही जन्म 1903 चा, चित्रीकरणाच्या वेळी अठ्ठावन्नची वयं. म्हातारपण विनोदाला मारत नाही. मारलं ते वयाकडे डोळेझाक केल्यानं. अठ्ठावीस वर्षांची जोन कॉलिन्स नायिका म्हणून आणली आणि लामूरला पाहुणी म्हणून थोडा वेळ, एक गाणं. ती पडद्यावर येते तेव्हा चित्रपटात एकदम जीव येतो, तिघांचे सूर लगेच जुळतात, आणि ती जाते. तीन मुरलेली माणसं वयाची थट्टा करत निघाली असती तर वेगळा चित्रपट झाला असता. ब्रिटिश विनोदी नट पीटर सेलर्सचा छोटा प्रवेश अनेकांना आवडतो, टायमिंग अफाट आहे. पण गोऱ्या नटानं चेहरा रंगवून, उच्चार वाकडे करून केलेला भारतीय डॉक्टर बघताना आपल्याला हसू अडतं, आणि ते अडलं तर त्यात आपलं काही चुकत नाही.

हे फक्त त्या एका प्रवेशापुरतं नाही. 'झांझिबार'मधले नरभक्षक, 'मोरोक्को'तले अरब, 'बाली'तली बेटं, सगळं स्टुडिओत रंगवलेलं पूर्व आणि दक्षिण. काही चाहते म्हणतात, हे चित्रपट त्या साच्यांचीच टिंगल करतात. अंशतः खरं आहे, गोऱ्या साहसवीराची तर पुरती फजिती होते. पण ज्यांची सोंगं काढली त्यांना पडद्यावर उत्तर द्यायला कधी वाव मिळाला नाही. अलीकडच्या प्रेक्षकांच्या गुणांत 'युटोपिया' आणखी वर सरकताना दिसतो त्याचं एक कारण हेही असावं. बर्फाळ मुलखात ही अडचण पुष्कळ कमी आहे.

चाहत्यांचे अभिप्राय वाचताना एक गोष्ट तपासा: माणसानं चित्रपट कुठं आणि कुणाबरोबर पाहिला. त्या काळी विनोदी चित्रपट प्रदर्शनाआधी प्रेक्षकांना दाखवून बघत, हशा कुठं येतो ते टिपत, आणि त्या हशासाठी जागा सोडत. भरल्या थिएटरात ती जागा हशानं भरते. एकट्यानं, रात्री, लहान पडद्यावर बघताना तीच जागा रिकामी वाटते आणि माणूस लिहितो, 'चित्रपट संथ आहे'. तो खोटं बोलत नाही; त्याच्या खोलीत तो संथच होता. मी कापत असतानाही हा घोळ रोजचा आहे: टेबलावर सैल वाटणारा कट थिएटरात नेमका बसतो. म्हणून तुमच्यासारखं एकट्यानं बघणाऱ्यानं निदान दोघा-तिघांना गोळा करावं. काही विनोद तरीही लागणार नाहीत. होपच्या रेडिओ कार्यक्रमाची पुरस्कर्ती दंतमंजनाची कंपनी, क्रॉस्बीचे घोडे, गायक सिनात्राची नवी लोकप्रियता, हे तेव्हाच्या वर्तमानपत्रातलं मीठ होतं. तसलं वाक्य आलं की सोडून द्या आणि दुसऱ्याचा चेहरा बघा. बहुतेक वेळा खरा विनोद ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. कॅमेरा दोघांना एकत्र धरून ठेवतो तो त्यासाठीच.

क्रम विचाराल तर 'मोरोक्को', मग 'रिओ', मग 'युटोपिया'. या तिघांत मजा आली तर मागे जाऊन 'सिंगापूर' आणि 'झांझिबार', त्यानंतर चांगल्या प्रतीत 'बाली'. 'हाँगकाँग' सगळ्यात शेवटी, आणि तोही लामूरच्या प्रवेशासाठी. आठव्या चित्रपटाची जुळवाजुळव 1977 मध्ये चालू होती, नावही ठरलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पेनमध्ये गोल्फचा डाव संपवून परतताना क्रॉस्बी गेला आणि तो बेत तिथंच राहिला.